रिलीजच्या मशीनवरचा लाल ठिपका

‘मी, श्रीकांत घैसास. हुद्द्याने टीम लीड, वृत्तीने गुप्तहेर. अकरा वर्षं माऊसला हात न लावता काम केलेला हैदराबादेतला एकमेव मराठी माणूस. गुन्हा घडण्याआधीच मला संशय येतो.’

अहवालाचा हा पहिला परिच्छेद सरांचा. पुढचं मी लिहिते, कारण स्वतःबद्दलचं संपलं की सर वाचायचं थांबतात. मी रेणू. सहाय्यक आणि आरोपी, एकाच पगारात.

[लाल] दुपारी तीन

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची जी ओळ असते, तिच्या सुरुवातीला सरांनी एक ठिपका बसवलाय. कोडमधले सगळे बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंदलेले असले की हिरवा. फोल्डरमध्ये कुणी काही बदललं किंवा नवं आणून ठेवलं आणि नोंद केली नाही, की लाल. माणसांवर सरांचा विश्वास नाही, ठिपक्यावर आहे.

आज तो लाल होता. उद्या दसऱ्याची सुटी, म्हणून आजच सहाला रिलीज, म्हणजे नवं सॉफ्टवेअर ग्राहकांकडे. आणि पाचला एचआर बंद. मला कायम करण्याचा फॉर्म सरांच्या कीबोर्डखाली, सहीशिवाय. आज तो पोचला नाही तर सुटीनंतर माझी खुर्ची दुसऱ्याची.

“सकाळी आयुधपूजेच्या वेळी सगळे जिलेबीपाशी होते,” सर म्हणाले. “या मशीनचा पासवर्ड दोघांकडेच. मी आणि तू. मी स्वतःची कसून चौकशी केली. मी निर्दोष आहे.”

“सर, गिटलाच विचारा ना.”

विचारलं. गिट म्हणालं, काहीही बदललेलं नाही.

“यंत्र दबावाखाली बोलतंय,” सर म्हणाले, आणि मला खुर्चीपासून चार हात लांब उभं केलं. पुराव्याजवळ आरोपी नको.

[लाल] पावणेचार

पलीकडच्या टीममधला कुलदीप मलकपेठला राहतो. मलकपेठला रेसकोर्स आहे. म्हणजे कुलदीप जुगारी. जुगारी माणूस नोंद न करता बदल करतो.

“सर, मी घोडा फक्त लग्नाच्या वरातीत बघितलाय,” कुलदीप म्हणाला.

“कुणाच्या?”

“माझ्याच.”

“म्हणजे घोड्याशी संबंध कबूल.”

[लाल] सव्वाचार

सरांनी पडदा रिकामा करायची आज्ञा दिली. ओळ वर गेली. ठिपका खालीच राहिला.

वर आता हिरवा ठिपका, खाली लाल. सर खुर्चीत मागे रेलले.

“हे एकट्याचं काम नाही. टोळी आहे.”

“सर, मी जरा जवळून बघू?”

“तेच तर तुला हवंय.”

त्यांनी फॉर्म बाहेर काढला आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. मला चार हातांवरून ‘शि’ दिसला. ‘शिस्त’पासून सुरू होणारं चांगलं वाक्य सरांना येत नाही.

[लाल] साडेचार

साफसफाईच्या पद्मावतीअम्मा पूजेची फुलं गोळा करत आल्या.

“साब, थोडं सरका.”

“थांबा, हा पुरावा आहे.”

“पुरावा कशाचा हो? कुंकू हाय. सकाळी पूजेत लावताना माझाच हात घसरला.” त्यांनी फडकं ओलं केलं. “बेगम बाजारचं हाय, घासल्याबिगर निघत नाही.”

पडद्यावर दोनदा घासलं. निघालं.

[हिरवा] चार पस्तीस

सरांनी फडकं उलटंपालटं करून तपासलं.

“माझा अंदाज अचूक होता,” ते म्हणाले. “बाहेरून घुसखोरी.”

“हौ सर. सही?”

“तुझ्यावर संशय नव्हताच. तो डाव होता.”

त्यांनी ‘शि’ खोडला, शेरा लिहिला आणि सही केली. शेरा असा: ‘दबावाखालीही काही कबूल करत नाही.’ मी फॉर्म उचलला.

“थांब, केस अजून ताजी आहे,” सर म्हणाले. त्यांनी अहवालाचा पहिला परिच्छेद टाइप केला. स्वतःची अकरा वर्षं, न लावलेला माऊस, सगळं. मग तो रिलीजच्याच फोल्डरमध्ये सेव्ह केला, गिटमध्ये नोंद न करता, आणि ऐटीत एंटर दाबलं.

[लाल] पाचला सात कमी

“पद्मावतीअम्मा,” सर म्हणाले, “फडकं.”

या वेळचा लाल गिटचा आहे, हे मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की एचआर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी लिफ्टचं बटण दाबलं.

“साब, हे निघंना की.”

“अजून जोरात घासा.”