दुखवट्याची पट्टी

आमच्या चर्चमध्ये पाळक बदलले, छत बदललं, बाक बदलले, पण पियानोवर मीच! आणि का नसावं? मी चुकत नाही. हे मी म्हणत नाही, आमची मंडळी म्हणते. मी ते फक्त सगळीकडे पोचवते. आठवडाभर दवाखान्यात माणसांचे दात बघायचे आणि रविवारी पियानोचे, अशी माझी दोन कामं. दोन्हीकडे नियम एकच. हात स्थिर हवा आणि समोरच्याने ओरडता कामा नये.

म्हणून घड्याळवाले काका गेले तेव्हा काकू आधी माझ्याकडे आल्या, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

काकांचं बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या हाताखालून गेलेलं घड्याळ मिनिटभर पुढे नाही की मागे नाही. गळ्याचं मात्र तसं नव्हतं. काका आमच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभे राहायचे आणि पोटातून, मनापासून, खणखणीत बेसूर गायचे! आम्ही सगळे रस्त्याने निघालो की काका शेजारच्या शेतातून चालायचे. कधी आमच्या वर, कधी खाली, आणि क्वचित कडव्याच्या शेवटी आमची गाठ पडायची. मास्तरांनी, म्हणजे आमच्या गायनवृंदाच्या प्रमुखांनी, त्यांना एकदा खांबाआड उभं करून पाहिलं. खांब घुमायला लागला! पण त्यांना 'गाऊ नका' म्हणायचं धाडस कुणी केलं नाही, कारण त्यांच्याइतका आनंदाने गाणारा माणूस आमच्यात दुसरा नव्हता. ते गात असले की मंडळी माना खाली घालायची. पाहुण्यांना वाटायचं, केवढी ही भक्ती! खरं म्हणजे सगळे हसू दाबत असायचे.

काकू दवाखान्यात आल्या तेव्हा बाहेर पेशंट बसले होते, म्हणून मी त्यांना आत घेतलं. दुसरी जागा नव्हती. माझ्या त्या मागे कलणाऱ्या मोठ्या खुर्चीच्या अगदी कडेला त्या टेकल्या.

"उद्या त्यांचं आवडतं गीत घेणार ना गं?"

"घेणार काकू. चारही कडवी."

"एक मागू?"

"मागा की."

"त्यांच्या गाण्याला लोक हसायचे." काकू हातातला रुमाल घडी करत होत्या, मोडत होत्या. "त्यांना माहीत नव्हतं, पण मला होतं. मी पुढच्या बाकावर बसायचे, मागून कळतं ना. उद्या ते गीत असं होऊ दे की कुणाला हसू येणार नाही. एकदा तरी. ते समोर असताना."

अशा वेळी माणसाने नुसतं 'हो' म्हणावं. पण मी कसली ऐकते! मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "काकू, एक सूर इकडचा तिकडे होणार नाही. माझी जबाबदारी!"

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्या चर्चमध्ये एक जुनी रीत आहे. अंत्यविधीचं गीत नेहमीपेक्षा दोन सूर खाली घ्यायचं, कारण रडवेला गळा वर चढत नाही. आम्ही त्याला दुखवट्याची पट्टी म्हणतो. आता पियानोवाल्याने पट्टी खाली न्यायची कशी? दोन मार्ग आहेत. एक, पुस्तकात लिहिलेला प्रत्येक सूर मनातल्या मनात दोन घरं खाली सरकवून बोटांनी वाजवायचा. हा अवघड. दुसरा, आमच्या विजेच्या पियानोवरचं बटण दाबायचं आणि नेहमीसारखं वाजवायचं. पियानो आपला आपण खाली उतरतो, पुन्हा दाबलं की वर येतो. मी बटणाला कधी हात लावत नाही. बटण दाबून पट्टी बदलणं म्हणजे कवळी लावून दातांची तारीफ ऐकणं!

संध्याकाळच्या तालमीत मी बोटांनीच वाजवलं. एका जागी करंगळी घसरली. एकाच! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तकाकडे पाहिलं, आणि विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं. काका समोर, फुलांखाली. पुढच्या बाकावर काकू आणि त्यांची नणंद. मी सुरुवातीला एकटीच हळू काहीबाही वाजवत होते. पियानो जरा घोगरा वाटला. मनात आलं, आज हाही रडतोय. एकटा पियानो कितीही खाली उतरला तरी माझ्यासारखीच्याही कानाला कळत नाही. शेजारी कुणी गायला लागलं की तो उघडा पडतो.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, दोन शब्द बोलले, आणि गीताची वेळ झाली. पहिलं कडवं पियानोशिवाय. मास्तर छोट्या शिट्टीतून दुखवट्याच्या पट्टीचा सूर देतात, गायनवृंद गातो आणि दुसऱ्या कडव्याला मी अलगद येते. नुसत्या माणसांच्या आवाजाला पियानो टेकला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही कल्पना माझीच!

पहिलं कडवं इतकं सुरेख झालं की काय सांगू. कुणी खोकलंसुद्धा नाही. काकूंची मान ताठ होती. मी बोटं पसरली, श्वास घेतला आणि दुसऱ्या कडव्याला पूर्ण विश्वासाने दोन्ही हात टेकले.

अंगावर काटा आला, पण भलत्याच कारणाने. गायनवृंद एकीकडे आणि पियानो दोन सूर खाली, तळघरात!

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हे लोक चुकले! मी मान वळवून गायनवृंदाकडे असं पाहिलं, जसं मी दात न घासता आलेल्या पेशंटकडे पाहते. मागच्या रांगेत माझा नवरा. संसाराची सवय म्हणा, माझी नजर पडताच तो निमूटपणे खाली उतरला आणि त्याच्या मागून त्याची सगळी रांग. पुढच्या रांगेतल्या बायका मात्र वरच अडून राहिल्या. मास्तर माझ्याकडे बघून अंगठा वर करून जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, 'उत्तम' म्हणताहेत. मी आवाज वाढवला!

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 'वर चल, वर!' असं म्हणत होते ते. मी ओळ संपायची वाट पाहिली आणि दोन्ही हात उचलून दोन सूर वर गेले. नेमक्या त्याच क्षणी मास्तर पियानोवर वाकले आणि त्यांनी बटण दाबलं.

पियानो तळघरातून निघाला तो थेट गच्चीवर! पुढच्या बायका मधल्या मजल्यावर, नवरा आणि मंडळी अजून खालीच, आणि त्यातल्या काहींनी आता माझ्यामागून वर धावायला सुरुवात केलेली. गीताचा एकेक शब्द तीन तीन ठिकाणांहून ऐकू येत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी 'फुर्र' केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून नाक शिंकरल्याचा आवाज आला, पण तो नाक शिंकरल्याचा नव्हता. माना पटापट खाली गेल्या.

मी हात काढून घेतले. गाणारेही एकेक करून विझले.

त्या शांततेत पुढच्या बाकावरून हुंदका ऐकू आला. काकू पुढे वाकल्या होत्या, तोंडावर रुमाल, खांदे गदगदा हलताहेत. नणंद पाण्याची बाटली उघडत होती, पण ती उघडेना. पाळकसाहेब पायऱ्या उतरून घाईने त्यांच्याजवळ गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईने माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. नवरा समोर निजलेला, आणि त्याच्या शेवटच्या गीताचं मी हसं केलं होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही.

"धीर धरा," पाळकसाहेब म्हणाले.

काकूंनी रुमाल काढला. डोळे वाहत होते, नाक लाल झालं होतं, आणि त्या हसत होत्या! पोट धरून हसत होत्या.

"अगदी हेच!" त्यांना बोलवत नव्हतं. "अगं, अगदी असंच गायचे ते! आधी खाली जायचे, मग एकदम वर! ऐकलंत का हो?"

हे शेवटचं त्या पाळकसाहेबांना नाही, फुलांकडे बघून म्हणाल्या.

मग पाळकसाहेबांचा हात धरून म्हणाल्या, "दर रविवारी घरी आल्यावर विचारायचे, 'आज कसं झालं गं?' मी म्हणायचे, 'छान झालं.' सगळा जन्म खोटं बोलले हो मी, पाळकसाहेब!"

"चालतं," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचाही आवाज फुटला.

मग काय, सगळं चर्च हसलं. मोकळेपणी, माना वर करून. आणि हसता हसताच एकेकाचा बांध फुटला. काकूंनी उभं राहून तिसरं कडवं स्वतःच धरलं. ती पट्टी शिट्टीची नव्हती, बटणाची नव्हती, माझीही नव्हती. सगळे उठले आणि त्यांच्या मागून जमेल तसे गात सुटले. मी पियानोला हात लावला नाही. गायला तोंड उघडलं, पण माझ्याच्याने गाववेना.

मातीचं सगळं उरकून बाहेर आलो तेव्हा मास्तर फाटकाजवळ माझी वाट बघत उभे होते.

"डॉक्टर, बटण मीच दाबलं होतं. सकाळी, तुम्ही यायच्या आधी. काल तुमची करंगळी घसरली ना, म्हटलं धोका नको. तुम्ही बटण बघून नेहमीसारखं वाजवाल असं वाटलं."

"म्हणजे दोन सूर तुमच्या बटणाने उतरवले आणि आणखी दोन माझ्या बोटांनी! पण बटणाचा दिवा माझ्या पुस्तकाखाली होता! आणि मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही दाबू दिलं असतं?"

मी विषय बदलला. "पण तुम्हाला एवढी काळजी का पडली होती?"

"काकू काल माझ्याकडे आल्या होत्या. गीत नीट होऊ दे म्हणाल्या. मी शब्द दिला, जबाबदारी माझी."

"तुमच्याकडे कधी आल्या?"

"दुपारी. तुमच्या आधी."

माझ्या आधी! हा घाव मी अजून पचवते आहे.

एवढ्यात काकूच आमच्याकडे आल्या. मी घाईघाईने सुरुवात केली, "काकू, माफ करा, मी शब्द दिला होता..." मास्तरही बोलायला लागले. काकूंनी आम्हा दोघांचे हात हातात घेतले. त्यांचा हात गार होता.

"मी काहीतरीच मागून बसले होते. नीट झालं असतं ना, तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं असतं." मग त्यांनी माझा हात जरा दाबला. "फक्त एक चुकलं गं तुझं."

एकच! मला जरा बरं वाटलं. "कुठलं काकू?"

"तू मधेच थांबलीस. ते कधी थांबले नाहीत."