पिवळ्या दोरीचं पान

सासऱ्यांची कवळी वॉशिंग मशीनच्या गोल काचेमागून घरच्यांकडे बघून हसत होती आणि मशीन मधेच बंद पडलं होतं. आत निम्म्यापर्यंत फेसाळ पाणी, त्यात सासऱ्यांचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या बाहीवर विसावलेली ती कवळी. दार काही केल्या उघडत नव्हतं.

चूक जावयाची होती. नाश्त्याच्या वेळी त्यानेच सासऱ्यांच्या शर्टावर चहा सांडला आणि प्रायश्चित्त म्हणून त्यानेच तो शर्ट तत्परतेने मशीनमध्ये टाकला. सासरे खाऊन झालं की कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण चूक निस्तरण्याच्या घाईत माणूस खिसे तपासत नाही.

"खिशात अजून काही होतं का, बाबा?" बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी मान खाली घातली. "तू लिहून दिलेलं भाषण."

(कवळीशिवाय सासरे जे बोलले, ते इथे वाचकांच्या सोयीसाठी स्पष्ट उच्चारांत दिलं आहे.)

भाषणाचं प्रकरण नाजूक होतं. सासऱ्यांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता आणि आज संध्याकाळी त्याच शाळेत नव्या भूगोल कक्षाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायचं होतं. निवृत्तीनंतर शाळेने पहिल्यांदाच बोलावलं होतं. इतकी वर्षं न बोलावण्याचं कारणही सगळ्यांना माहीत होतं. निरोप समारंभात सासरे आभार मानायला उभे राहिले, ते आभारांवरून वाऱ्यांवर गेले, वाऱ्यांवरून उंटांवर, उंटांवरून स्वतःच्या मावशीवर, आणि शेवटी शिपायाने पंखे बंद केले तेव्हा कुठे थांबले. ते पंखे सासऱ्यांच्या मनाला लागले होते. म्हणून या वेळी त्यांनी स्वतःहून मुलीला सांगितलं होतं, "एका पानाचं सरळसोट भाषण लिहून दे बाई. मी इकडेतिकडे बघायचासुद्धा नाही."

"काही काळजी करू नका," जावयाने बाह्या सरसावल्या. "या मशीनची मदतीची पानं कुणी लिहिली आहेत?"

"तू," बायको म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती.

जावई मशीन बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. मशीनसोबत पूर्वी जाडजूड पुस्तिका मिळायची, तिच्या जागी संगणकावर आणि फोनवर वाचायची पानं तयार करणं हे त्याचं काम. प्रत्येक पानात निळे शब्द, शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान. ऑफिसात त्याला लिंकसाहेब म्हणत आणि तो ते कौतुक समजत असे. काल रात्री जेवताना त्याने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. "जुन्या पुस्तकात तळटीप पानाच्या तळाशी गुमान बसायची. आता तीच तळटीप वाचकाचा हात धरते आणि त्याला हवं तिथे घेऊन जाते. वाचकाने सरळ रेषेत का चालावं? वाटेल तिथून उडी मारावी!"

"म्हणजे माझ्या तासाला व्हायचं तसं!" सासरे खूश झाले होते.

"बाबा, त्याला पाल्हाळ म्हणतात," बायकोने विषय मिटवला होता.

आता जावयाने फोन काढून आपलंच पान उघडलं. 'दार उघडत नसेल तर घाबरू नका. आधी पाणी काढा.' त्याने 'पाणी काढा'वर बोट ठेवलं. 'पाणी काढण्यासाठी मशीनचं खालचं झाकण उघडा.' त्याने 'खालचं झाकण'वर बोट ठेवलं. 'झाकण उघडण्याआधी मशीन रिकामं करा.' त्याने 'रिकामं करा'वर बोट ठेवलं. 'मशीनचं दार उघडून कपडे बाहेर काढा. दार उघडत नसेल तर इथे बघा.'

तो पुन्हा पहिल्या पानावर आला. पानाने त्याला पुन्हा घाबरू नका म्हणून सांगितलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जरा... उजळणी करतोय."

तिसऱ्या फेरीनंतर त्याने पानांचा नाद सोडला आणि खालचं झाकण सुरीने उचकटायला घेतलं. सुरी वाकली, झाकण जागचं हललं नाही.

"या झाकणावरून आठवलं," सासरे म्हणाले, "हे मशीन बसवायला जो माणूस आला होता ना, त्याला मी विचारलं, बाबा रे, तुझं गाव कुठलं? तर म्हणाला, नदीकाठचं. आता ती नदी म्हणजे—"

"बाबा, नदी नंतर!" बायको म्हणाली.

जावयाने हेल्पलाइनला फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईंनी तक्रार ऐकून घेतली आणि त्या म्हणाल्या, "सर, घाबरू नका. आधी पाणी काढा."

"अहो, मला ते पान पाठ आहे!"

"मग तर फारच छान, सर. आता खालचं झाकण उघडा."

"बाई, ते पान गोल गोल फिरतंय! कुठल्या शहाण्याने लिहिलंय ते..." आणि जावयाने जीभ चावली.

बाईंचा सूर हळवा झाला. "सर, अगदी खासगीत सांगते, बऱ्याच लोकांची हीच तक्रार आहे. थांबा, ज्या साहेबांनी पान लिहिलंय त्यांनाच लाइनवर घेते. तातडीच्या कामासाठी त्यांचा नंबर आहे आमच्याकडे." थोडा वेळ संगीत वाजलं. मग बाई परत आल्या. "सॉरी सर, त्यांचा फोन बिझी लागतोय. कुणाशी इतकं बोलत असतात कोण जाणे. मी त्यांना निरोप ठेवते."

जावयाने फोन ठेवला. लगेच फोन किणकिणला. एका त्रस्त ग्राहकाला ताबडतोब फोन करा, असा निरोप आला होता. खाली त्याचाच नंबर होता.

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. निघायची वेळ जवळ येत होती. सासरे खुर्चीत बसून काचेतल्या आपल्या दातांकडे बघत होते. "राहू दे रे," ते म्हणाले. "मी फक्त फीत कापतो. बोलत नाही. तेवढेच त्यांचे पंखे चालू राहतील."

आपणही बाबांना सारखं गप्पच करत आलो, हे तिला एकदम जाणवलं. ती त्यांच्याशेजारी बसली. "बाबा, तुम्ही मघाशी काय सांगत होतात? नदीचं?"

"अगं!" जावई ओरडला. "ही वेळ आहे का?"

"तुझ्या तीन फेऱ्या झाल्या ना? आता त्यांची एक होऊ दे. बोला, बाबा."

सासऱ्यांनी आधी खात्री करून घेतली की ती खरंच ऐकते आहे. मग ते निघाले. मशीन बसवणाऱ्याचं गाव नदीकाठचं. त्या नदीवर धरण. धरणावरून त्यांना वर्गातला एक पोरगा आठवला, जो नकाशात सगळ्या नद्या समुद्रातून निघून डोंगरावर चढवायचा. त्याला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं, तर तो थेट फाटकाबाहेर गेला आणि तिथे उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत बसला. जावई येरझाऱ्या घालत होता. "तर तो पोरगा आता ट्रक चालवतो," सासरे म्हणाले, "आणि हे मशीन त्याच्याच ट्रकमधून आलं. त्याने मला ओळखलं. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, चहा घे. तेवढ्यात तो बसवणारा म्हणाला, मास्तर, चहा नंतर, आधी हे बघून ठेवा. त्याने खिशातून नाणं काढलं, या झाकणाच्या फटीत घातलं आणि फिरवलं. टप्पकन झाकण उघडलं. आत पाणी सोडायची नळी आणि शेजारी पिवळी दोरी. दार अडकलं तर पाणी सोडा नि दोरी ओढा, म्हणाला."

जावई जागच्या जागी थिजला. "पिवळी दोरी! मी लिहिलंय की ते पान! चित्रासकट!"

"मग दिसलं का नाही?"

"त्या पानाला..." त्याचा आवाज खोल गेला, "लिंकच द्यायची राहिली. पान आहे, पण तिथे जायला वाटच नाही."

नाण्याने झाकण उघडलं. नळीतून बादल्या भरभरून पाणी निघालं, दोरी ओढली, दार उघडलं. कवळी तर नवी असल्यासारखी चमकत होती. पाणी अडवणारा गुन्हेगारही सापडला. मुलीच्या सरळसोट भाषणाचा ओला लगदा गाळणीत जाऊन बसला होता.

"आता काय, बाबा?" बायकोचा चेहरा पडला.

सासऱ्यांनी कवळी धुऊन बसवली, दोनदा चावून पाहिली आणि दुसरा शर्ट अंगात चढवला. "बघू," ते म्हणाले.

शाळेत फीत कापून झाली. सासरे माइकसमोर उभे राहिले, खिसा चाचपला, तो रिकामा लागला. "आज सकाळी," ते म्हणाले, "माझे दात मला सोडून आंघोळीला गेले."

पोरं खदखदून हसली. मग सासरे मशीनवरून नदीवर गेले, नदीवरून धरणावर, मधेच उंटांकडेही डोकावून आले. बायकोने डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवातीला घड्याळ पाहिलं, नंतर हनुवटीखाली हात घेऊन बसल्या. शिपाई पंख्याच्या बटणांपाशी उभा होता, पण त्याचं तोंड उघडं आणि हात खिशात होते. आणि सासरे फिरत फिरत, उघडलेली एकेक गोष्ट बंद करत, बरोबर त्या भूगोल कक्षाच्या दाराशी परत आले. "नकाशा वाट चुकू नये म्हणून नसतो, पोरांनो," ते म्हणाले. "चुकल्यावर घरी येता यावं म्हणून असतो." पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला आणि शिपायाने पंख्यांचा वेग एक घर वाढवला.

परतताना गाडीत जावयाचा फोन वाजला. त्याने गाडी बाजूला घेतली आणि बोलता यावं म्हणून स्पीकर लावला. हेल्पलाइनच्या बाई होत्या. "सर, पान लिहिणाऱ्या साहेबांनी तुम्हाला अजून फोन केलेला दिसत नाही. त्यांच्याविरुद्ध वरच्या साहेबांकडे तक्रार नोंदवू का?"

जावई घाईघाईने म्हणाला, "नको, नको. आमचं काम झालं. ते साहेब तसे... भले आहेत."

"नोंदवा हो!" मागच्या सीटवरून सासऱ्यांचा खणखणीत, दातांसकट आवाज आला. "आणि बाई, तक्रारीवरून आठवलं—"

"काय हो, काका?" बाईंनी विचारलं.

बायको वळून नीट बसली. जावयाने गाडीचं इंजिन बंद केलं.