चार धारदार

समजा, तुम्ही सातवीत आहात. वाडीतली शाळा सातवीलाच संपते आणि आठवीची शाळा चार मैलांवर, विरारला आहे. समजा, बाबांनी सांगून ठेवलंय, "एसटी वाडीत आली तर आठवी. नाहीतर केळीची बाग." आता पंचाहत्तर सालच्या त्या आठवड्यात विनी एसटीची वाट कशी बघत होती, ते तुम्हांला कळेल.

बोळिंजच्या पलीकडच्या त्या वाडीनं गाडीसाठी अर्ज केला होता. गुरुवारी एसटीच्या साहेबांचं पत्र आलं, टाइप केलेलं आणि इंग्रजीत. वाडीत इंग्रजी येणारी एकच, विनी. पाचवीपासून शिकत होती ना. ती जुना शब्दकोश घेऊन ओट्यावर बसली आणि सगळे तिच्याभोवती.

"रविवारी रस्ता बघायला येतायत," ती म्हणाली. "क्रुसाजवळ भेटा, म्हणतात. फोर शार्प."

"म्हंजे?" शेजारच्या हरेश्वरकाकांनी विचारलं.

विनीनं पान काढलं. शार्पचा पहिला अर्थ होता 'धारदार'. खालचे अर्थ वाळवीनं खाल्ले होते.

"चार धारदार."

"चार धारदार काय?"

"ते नाही लिहिलं."

"कोयतेच असणार," विनीचे बाबा, पास्कल, म्हणाले. "साहेब लोक आले की फीत कापतात."

"चार कोयते?" आग्नेस आजी म्हणाली. "फीत आहे का केळीचा लोंगर?"

"आनि येनार किती वाजता?" हरेश्वरकाकांनी विचारलं.

"वेळ लिहायला विसरलेत," विनी म्हणाली. एवढा मोठा साहेब विसरतो कसा, याचं तिला नवल वाटलं.

मग चार कोयते कोणाचे, यावर तंटा झाला. "माझ्या कोयत्याला धार नाय, असं कोन बोलतो?" हरेश्वरकाकांनी विचारलं. तसं कोणीच बोलेना. शेवटी सगळ्यांनीच आपापला आणायचा, असं ठरलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली तशी चौदा माणसं कोयते घेऊन क्रुसाजवळ बसली. सकाळचे आठ वाजले होते. आजी मोरली, म्हणजे घरातली विळी, घेऊन आली, असू दे म्हणून. बारा वाजले, दोन वाजले. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून हरेश्वरकाकांनी दगड आणला आणि सगळे पुन्हा धार लावू लागले.

चारच्या ठोक्याला जीप आली. साहेबांनी पाहिलं तर चौदा कोयते, एक मोरली आणि दिवसभर उन्हात तापलेले चेहरे.

"फार उशीर केलात, साहेब," पास्कल कोयत्यासकट पुढे झाले.

"गाडी वळव," साहेब ड्रायव्हरला हळूच म्हणाले.

जीप वळेना. एका बाजूला करवंदीची जाळी, दुसरीकडे बांबू, वर चिंचेच्या फांद्या.

हरेश्वरकाका आत डोकावले. "धार तरी बघा. दाढी होईल."

साहेबांनी हनुवटी हातानं झाकली. "इथं जीप वळत नाही, तर बस काय वळणार? अर्ज नामंजूर."

विनीच्या डोळ्यांपुढे केळीची बाग उभी राहिली. ती जीपपुढे जाऊन उभी राहिली.

"बसला किती जागा लागते, साहेब?"

"हे बांबू, ती जाळी, सगळं काढावं लागेल."

"मग काढू ना. तुम्हीच तर मागवलेत, चार धारदार."

साहेबांनी पत्राची प्रत काढून वाचली आणि पहिल्यांदाच हसले. "अगं, फोर शार्प म्हणजे ठीक चार वाजता."

चौदा डोकी विनीकडे वळली.

"तिला काय बघता?" आजी म्हणाली. "सकाळपासून धार लावलीत, ती काय लोणच्याला?"

साडेपाचला बांबू नव्हते, जाळी नव्हती. जीप एका दमात वळली. साहेबांनी बॉनेटवरच कागद ठेवून मंजुरी लिहिली, पेलाभर पाणी प्यायले आणि गेले.

त्याच संध्याकाळी विनी आभाराचं पत्र लिहायला बसली. आता प्रत्येक शब्दाचे सगळे अर्थ बघायचे, एकावर थांबायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पहिलाच शब्द होता 'डियर'. अर्थ एक, प्रिय. ती थांबली नाही. अर्थ दोन, महाग.

नुसत्या पाण्यावर काम करून गेलेल्या माणसाला महाग म्हणायचं? विनीनं तो शब्द खोडला. स्वस्तासाठी इंग्रजीत काय म्हणतात, ते तिला कोश न बघताही येत होतं. तिनं वळणदार अक्षरात लिहिलं, "चीप सर,"