मर्नाने सोडलेला मासा

"या खेपेला मलाही शिकव," मर्ना न्याहारीला म्हणाली आणि एल्डनच्या घशात पॅनकेक अडकला. पानं लाल व्हायला लागली की तो दरवर्षी गावाजवळच्या ओढ्याएवढ्या नदीवर मासेमारीला जाई आणि हातभर ट्राउट मासे पकडून परत पाण्यात सोडल्याच्या हकिकती घरी आणी. खरं तर वीतभराच्या वर मासा त्याला कधी लागलाच नव्हता. तिथे मासे सोडून द्यायचा रिवाज होता, म्हणून बायकोपुढे त्याची अब्रू शाबूत होती.

गुडघाभर पाण्यात धडा सुरू झाला.

"मनगट घट्ट. दोर मागे सरळ होऊ दे, मगच पुढे फेक."

"सरळ झाला हे मला कसं कळणार?"

"कळतं गं आपोआप!"

मर्नाने गळाची काठी मागे नेली आणि जोरात पुढे आणली. "लागला! केवढा ओढतोय बघ!"

"अगं, मी लागलोय! ओढू नकोस!"

माशांना भुलवायला बांधलेली पिसांची खोटी माशी गळासकट एल्डनच्या रबरी विजारीच्या बुडात रुतली होती. सोडवायला म्हणून तो वळला आणि शेवाळावरून घसरला. विजार टरकली, आत बर्फासारखं पाणी शिरलं आणि गळ विजारीतून सुटून दोरासकट वाहत निघाला. मर्नाने काठी दगडांत खोचली आणि नवऱ्याला बखोटीला धरून ओढू लागली.

"मर्ना, काठी चालली!"

"जाऊ दे खड्ड्यात!"

"मासा लागलाय! मला सोड, तिला धर!"

तिने त्याला सोडलं. एल्डन पुन्हा पाण्यात बसला.

"धरली! आता काय करू?"

ते एल्डनला कुठे ठाऊक होतं? इथवर तो कधी पोचलाच नव्हता. मर्नाने आपल्या दांडगट कुत्र्याला सांभाळावं तसं माशाला सांभाळलं. ओढला की सैल सोडलं, दमला की जवळ घेतलं. हातभर ट्राउट वर आला. एल्डन फोटोसाठी भिजलेला फोन झटकत होता, तोवर तिने मासा अलगद सोडूनही दिला.

"तू सोडतोस ना नेहमी?"

एल्डनला बायकोचा इतका अभिमान वाटला की गावातल्या खानावळीत, डायनरमध्ये, शिरताच तो हात पसरून ओरडला, "मर्नाने आज एवढा पकडला!"

काउंटरमागचा गस खो खो हसला. "स्वतःच्या थापा पुरेनात, म्हणून आता बायकोच्या नावाने?"

"देवाशप्पथ खरं!"

"शपथ तर तू दरवर्षीच घेतोस!"

सगळं डायनर हसलं. मर्ना मात्र नवऱ्याकडे बघत होती. "म्हणजे तुझे ते हातभर मासे?"

"वीतभर," एल्डन पुटपुटला. "तेही ओढूनताणून."

मर्ना गसकडे वळली. "माझा हातभरच होता!" मग तिने एल्डनचा गारठलेला हात हातात घेतला. "उद्या परत जाऊ. पण शिकवीन मी."