कदमकाकांचा सर्व्हर

कदमकाका दाराची साखळी न काढताच फटीतून विचारायचे, "मोबाईल आणलायस? बाहेर ठेव." जोगेश्वरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाहुण्यांचे फोन चपलांच्या स्टँडवर पडलेले असत, असं हे एकच दार. "ऐकतात ते," काका म्हणत. कोण ऐकतं, ते मात्र कधी सांगत नसत.

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी फोटो आणि कागदपत्रं ठेवायला घरातच सर्व्हर करायचं काढलं. क्लाउडचं नाव घेतलं की भडकायचे. "माझं कपाट मी दुसऱ्याच्या घरात का ठेवू?" मी कॉम्प्युटरवाली, म्हणून मला बोलावलं. पण आधी चौकशी. "तू कुठल्या कंपनीची एजंट नाहीस ना गं?"

दुकानदाराने भल्यामोठ्या मशीनची यादी दिली होती. "एका म्हाताऱ्याच्या फोटोंना एवढं? लुटतोय मला." या वेळी संशय खरा होता. स्क्रीन फुटलेला त्यांचाच जुना लॅपटॉप आम्ही सर्व्हर म्हणून वापरायचं ठरवलं. त्याला दोन हार्डडिस्क, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर प्रत, आणि वायफायसाठी एक साधा नवा राउटर. बस. मी वायर ओढत होते तेवढा वेळ काकांची नजर माझ्या बोटांवर.

सगळं झकास चालू झालं. कपाटावर जुना राउटर मात्र अजून लुकलुकत होता. त्यावर एकही फोन चालत नव्हता.

"हा काढते काका, उगाच वीज खातोय."

"राहू दे."

"अहो, पासवर्ड वर चिकटवलाय, एक ते आठ आकडे! कोणीही घुसेल."

"राहू दे म्हटलं ना!" मग म्हणाले, "सुध्याने बसवलाय तो. धाकटा भाऊ माझा. गावच्या घरावरून वाजलं आमचं. चार वर्षं झाली, आला नाही. त्याच्या फोनमध्ये हाच पासवर्ड आहे. आला तर आपोआप लागेल. आल्या आल्या माझ्याकडे मागायला लावू का त्याला?"

मी तो काढला नाही. फक्त जुना राउटर सर्व्हरपासून तोडला, त्यावर नुसतं इंटरनेट ठेवलं. "आता कोणी घुसलं तरी तुमच्या फोटोंपर्यंत पोचणार नाही."

काका खूश होतील असं वाटलं होतं. ते कपाळाला आठ्या घालून बसले.

"मग सुध्याला आईचे फोटो कसे दिसणार?"

मी पुन्हा बसले. सुधाकरच्या नावाने वेगळं खातं उघडलं, त्यात आईचे फोटो घातले आणि तेवढंच जुन्या राउटरवरून दिसेल असं केलं. "याला पासवर्ड काय ठेवू?"

"सोपा ठेव गं," काका म्हणाले. "त्याच्या लक्षात राहत नाही."