चालू हाय का बंद?

शामूतात्यांच्या दारात कुणीही उभं राहिलं की ते "या, बसा" म्हणत नाहीत. "चालू हाय का बंद?" असं विचारतात. आणलेली वस्तू बंद असेल तर पावण्याला स्टूल मिळतं. मागं एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, त्यांनाही हाच प्रश्न. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "चालूच हाय की." तात्या म्हणाले, "मग मला काय दावताय?" मालूकाकींनी आतून येऊन पत्रिका हातात घेतली, म्हणून निभावलं.

तात्यांचं घर उद्यमनगराच्या मागं, आमच्या भिंतीला भिंत लागून. कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग करून ते निवृत्त झाले आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेच काम पुन्हा सुरू केलं. फरक एवढाच, की आता साहेबाच्या जागी काकी आहेत. भंगारातून मोडकी यंत्रं आणायची, जोडायची आणि फिरायला लागली की दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकायची. उसाच्या रसाचा चरक गेला, मिरची कांडायचं यंत्र गेलं, पिठाची गिरणी गेली. "चालू झाल्यालं घरात ठिवून काय त्याची पूजा करायची?" काकींचा मिक्सर बरा चालतो, त्यामुळे तात्यांनी त्याच्याकडं आजवर ढुंकून पाहिलेलं नाही.

बिडावर त्यांचा विशेष जीव. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते थंड असताना वेल्डिंग मारलं तर वरून झकास दिसतं आणि निवता निवता शेजारीच तडकतं. तात्या ते आधी कोळशावर तापवतात, मग जोडतात आणि गरम राखेत दिवसभर पुरून ठेवतात. "बिडाला घाई खपत न्हाय." या राखेपायी ते गल्लीभर डबा घेऊन फिरतात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांना पाहिलं की पाव राहू देतो आणि आधी राख काढतो.

शेडच्या कोपऱ्यात मात्र एक डिझेल इंजिन चार वर्षं पोत्याखाली आहे. ते तात्यांच्या वडिलांचं, गावाकडच्या, गडमुडशिंगीच्या विहिरीवरचं. वाटण्यांत ते थोरल्या भावाकडं, दादांकडं गेलं, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत जे वाजलं ते नऊ वर्षं बोलणं नाही. पुढं दादांनी विजेची मोटर बसवली, इंजिन भंगारात घातलं. तात्यांनी ते हुडकून घरी आणलं. बातमी गावात पोचली आणि त्याच रविवारी दादा वडापच्या जीपमधून इथं हजर. "त्याचा सोभाव तुला न्हाय म्हाईत," एवढंच बोलून त्यांनी पाना हातात घेतला.

तेव्हापासून दर रविवारी दादा येतात. दोघं इंजिनाशी बसून दुपारपर्यंत वाद घालतात, पोटभर जेवतात, आणि इंजिन बंद ते बंदच. मी एकदा चिडवलं, "तात्या, गिरणी आठ दिवसांत फिरली. याला चार वर्षं?"

"बीड हाय," तात्या म्हणाले.

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा तात्या राख आणायला गेले होते. बसल्या बसल्या मी पोतं बाजूला केलं. इंजिन लख्ख पुसलेलं, टाकीत डिझेल. सहज म्हणून हँडल दोनदा फिरवलं, तर ते धडधडत सुरूच झालं. मला बंद करता येईना. तेवढ्यात तात्या धावत आले, हातातला डबा तिथंच टाकला आणि इंजिन बंद केलं. राख सगळीकडं झाली.

"कुणी सांगितलं हुतं तुला?" ते खाली बसले. तात्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "दोन वरसं झाली ते चालू हुऊन. दादाला म्हाईत न्हाय. चालू झालंय म्हटल्यावर त्यो कशाला यील हितं?"

मला माझ्या हातांची लाज वाटली. काही बोलणार, तर फाटकाची कडी वाजली. शेडमध्ये अजून धूर होता. दादा आत आले, माझ्याकडं पाहिलं, सांडलेल्या राखेकडं पाहिलं. मग वाकून त्यांनी सायलेन्सरवर तळवा ठेवला. तो गरम असणारच. तात्या मान खाली घालून राख गोळा करत होते.

दादांनी हात जरा वेळ तसाच ठेवला.

"न्हाय बा, अजून लई काम हाय ह्याचं," ते म्हणाले. "शामू, पाना दे."