चार नंबरचा पुरावा

सुरक्षा सप्ताहाच्या निबंधस्पर्धेत तनुजाने नाव दिलं, ते बक्षिसासाठी नव्हे. चाकणच्या एका कारखान्यात ती मालाची तपासणी करायची. हात आत जाऊ नये म्हणून पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनला जाळीचा गार्ड असतो. चार नंबरच्या प्रेसला तो नव्हता. तिने तीनदा लेखी तक्रार केली होती. त्या प्रेसवर निघोज्याचा कोंडीराम काम करायचा. त्याची दहाही बोटं अजून शाबूत होती, ती केवळ प्रेसच्या मेहेरबानीने.

निबंधाचा आराखडा आधी एचआरच्या दादासाहेबांना दाखवायचा होता. त्यांनी पहिली ओळ वाचली : ‘चार नंबरच्या प्रेसला गार्ड नाही.’

“ताई, ही तक्रार झाली. निबंधाला मुख्य विधान लागतं. ‘सुरक्षितता ही सर्वांची जबाबदारी आहे.’ बघा, कसं वजन आलं.”

“पण सर, याला कुणी नाही म्हणणारच नाही. मग सिद्ध काय करायचं?”

“कुणी नाही म्हणत नाही, तीच तर ताकद. परीक्षक हेड ऑफिसचे आहेत. पॉझिटिव्ह लिहा.”

तनुजा बीएस्सी होती. जे खोटं ठरूच शकत नाही, ते विधान तिच्या लेखी विधानच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने नवी ओळ नेली : ‘आमच्या बाराही प्रेसना गार्ड आहेत.’

दादासाहेबांनी खुशीत ती ओळ तिथल्या तिथे हेड ऑफिसला मेल केली. “आता पुढचे मुद्दे?”

“पुढे पुरावा. प्रत्येक प्रेसचा फोटो. अकरा काढलेत.”

“चार नंबर वगळा की.”

“मग ‘बाराही’ खोटं ठरतं. आणि बक्षीस समारंभानंतर हेड ऑफिसचे साहेब कारखान्यात राउंड घेणार आहेत ना?”

दादासाहेबांनी मेंटेनन्सला फोन लावला. “नवनाथ, निबंध अडलाय राव. चार नंबरला गार्ड बसव आधी.”

तीन तक्रारींनी न बसलेला गार्ड दोन तासांत बसला.

बक्षीस ‘सर्वांची जबाबदारी’वाल्या निबंधाला मिळालं. तनुजाच्या निबंधावर लाल शाईत शेरा होता : ‘मुख्य विधान कमकुवत. प्रेसला गार्ड असणारच. यात सिद्ध करण्यासारखे काय?’

कोंडीरामने शेरा दोनदा वाचला आणि कागद परत दिला.

“म्याडम, पुढल्या वर्षी कॅन्टीनवर लिवा की. ‘आमच्या आमटीत डाळ असती.’”